उंबरठ्यावरचा धवला

खारबावच्या केसरीनाथला आता कुणी "कसं काय?" विचारलं, की तो आधी टेकायला जागा शोधतो. सत्तरी ओलांडलेली, कंबर धरलेली, आणि बायको पार्वती काही वर्षांपासून कंपवाताने आजारी. नाव कंपवात, पण हिचे हात फारसे कापत नाहीत. पाय गोठतात. मोकळ्या अंगणात बरी चालते. दार आलं, उंबरठा आला, की पावलं जमिनीला खिळतात. मग घरातला जो तो "चल, चल" म्हणून ओरडतो आणि ती आणखीच घट्ट होते. तिला न्हाणीतून बाहेर आणता आणताच केसरीनाथचा अर्धा जीव जातो.

एके काळी हीच पार्वती आसपासच्या गावांतली नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात ती मांडवात बसून धवले गायची आणि एकेक विधी तिच्या आवाजावर पुढे सरकायचा. केसरीनाथ बाहेर स्कूटरवर डुलक्या काढत तिची वाट बघायचा. आयुष्यातली निम्मी झोप त्याने लोकांच्या मांडवाबाहेरच घेतली. आता तिचा आवाज इतका बसलाय, की पाणी मागितलं तरी कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो.

मुंबईतल्या एका इस्पितळात अशा गोठणाऱ्या पावलांवर संशोधन चाललं होतं. कशेळीच्या पुलावर गाड्यांच्या गर्दीत तासभर तिष्ठत केसरीनाथ तिला तिकडे घेऊन गेला. डॉक्टर मृणालीने नीट समजावलं. चालताना मेंदूतून पायाला निघालेला हुकूम मध्येच अडतो. बाहेरून ठेका मिळाला, तर काहींची पावलं सुटतात. म्हणून निम्म्या पेशंटना कानात ठेका देणारं छोटं यंत्र मिळणार, निम्म्यांना नुसता व्यायाम. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. कॉम्प्युटरने पार्वतीच्या पदरात व्यायाम टाकला.

"आपला नशीब हितं पन आडवा आला," केसरीनाथ म्हणाला.

अभ्यास संपला की यंत्र सगळ्यांनाच मिळेल, असं डॉक्टरने सांगितलं. पण नातीचं, करिष्माचं लग्न त्याच्या आधीच होतं, आणि पार्वतीला एकच ध्यास लागला होता. नातीच्या हळदीला मांडवात आपल्या पायांनी जायचं. कुणी उचलून न्यायचं नाही.

निघताना डॉक्टरने विचारलं, "घरी या गाणी म्हणतात का? ऐकतात का?"

"न्हाय," केसरीनाथने ठणकावून सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. धवला म्हणजे गाणं थोडंच? तो तर विधी. लग्नाच्या मांडवाबाहेर तो तोंडातून काढायचा नाही, हा पार्वतीचा जन्माचा नेम.

हळदीच्या संध्याकाळी डीजेने सगळी आळी हादरवली. त्या डीजेवाल्याला ठेका म्हणजे भूकंप वाटत असावा. नवी साडी नेसून पार्वती दारापर्यंत आली आणि उंबरठ्याच्या आत थिजली. मुलगा प्रितेश तिला उचलायला वाकला. तिने मान हलवून नको म्हटलं. मांडव समोर दिसत होता आणि तिचे डोळे भरून आले होते.

केसरीनाथला तेव्हा खरंच वाटलं, पुरे झालं आता. हिला उचला, मांडवात ठेवा, आणि मलाही कुठेतरी नेऊन ठेवा. पण तिच्या तोंडाकडे बघून त्याचा जीव तुटला.

"प्रितेश, त्यो डीजे बंद कर आधी," तो म्हणाला. मग त्याने घसा खाकरला आणि मांडवाचा धवला सुरू केला.

बायकांनी तोंडाला पदर लावले. पुरुषाने धवला गायचा, म्हणजे बाईने मिशी लावायची. सुराच्या नावाने तर आनंदच होता. ठेका मात्र पार्वतीचाच होता, स्कूटरवर बसून इतकी वर्षं कानात मुरलेला.

पार्वतीचा पाय उचलला गेला. मग दुसरा. उंबरठा ओलांडून ती अंगणात आली आणि मध्येच पुन्हा थांबली. केसरीनाथने कान तिच्या तोंडाशी नेला.

"चुकला तुमी," ती पुटपुटली. "एक कडवा गाळला."

त्याने मुकाट्याने ते गाळलेलं कडवं घेतलं, आणि पार्वती आपल्या पायांनी मांडवात जाऊन बसली.

पुढच्या खेपेला त्याने इस्पितळात सगळं सांगून टाकलं. डॉक्टर आधी हसली, मग गंभीर झाली. नुसत्या व्यायामाच्या गटात असून पार्वतीला घरीच ठेका मिळाला, तिची नोंद आता वेगळी धरावी लागेल, म्हणाली. "पण काका, गाणं थांबवू नका. काहींना लागू पडतं, काही काळ लागू पडतं. आजार मात्र पुढे सरकतच राहणार."

आता न्हाणीच्या दाराशी रोज धवला होतो. पहिल्या दिवशी पार्वती रागावली होती. "घरान धवला गावाचा नस्तो."

"मंग घरालाच मांडव समज," तो म्हणाला होता.

तो दमतो. कधी चिडून अर्ध्यावर सोडतो आणि परत धरतो. मांडवाचा म्हणतो, हळदीचा म्हणतो. पाठवणीचा म्हणायची त्याला भीती वाटते. तिथवर आला, की घसा खाकरून पुन्हा मांडवापासून सुरू करतो. ही चूक मात्र पार्वती काढत नाही.