आई टपरीवर राहिली त्या दिवशी

आई गेली त्या दिवशी मी पारायणाला बसले होते. एवढं एक वाक्य लिहायला मला कितीतरी महिने लागले. नगरला आमच्या कॉलनीतल्या देवळात सामुदायिक पारायण होतं, सकाळी नऊ ते एक, आणि मोबाईल बंद ठेवायचे असा तिथला नियम. आई राजूरला माझ्या धाकट्या भावाजवळ असायची; तिचं जास्त झालं तसा त्याने दहा वाजल्यापासून चार वेळा फोन केला. एक वाजता मी मोबाईल चालू केला आणि तशीच निघाले, पण संगमनेरही आलं नव्हतं तेव्हा आई गेल्याचं कळलं. दहालाच समजलं असतं तर भेट झाली असती. ज्याची पोथी वाचत होते त्यानेच मला अडकवून ठेवलं, असं माझ्या मनाने घेतलं. देवावर रागावून काही हाती लागेना, म्हणून भावावर रागावले. शेजारच्या कुणाला निरोप देता आला नसता का, एवढं एकदा विचारलं आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं. सुतकात देवपूजा बंद असते. मला तर ते बरंच वाटलं.

आईचं सासर प्रवरेच्या वरच्या अंगाला, माहेर खाली नेवाशाकडे. नदी एकच. माझ्या अस्थी प्रवरासंगमालाच सोडा, असं ती नेहमी सांगायची. पाचव्या दिवशी भावाने त्याची भाजी वाहायची जुनी व्हॅन काढली. गुरुजींनी बजावून सांगितलं होतं की अस्थी जमिनीवर टेकवायच्या नाहीत, छपराखाली न्यायच्या नाहीत, वाटेत थांबलात तर झाडाला टांगा. लाल फडक्यात बांधलेलं ते मडकं कधी माझ्या मांडीवर, कधी मागच्या रिकाम्या क्रेटवर, असा आमचा प्रवास सुरू झाला. मी मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होते आणि तो पुढे रस्त्याकडे. अकोले गेलं, संगमनेर गेलं, लोणी गेलं. आई असती तर दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला असता.

कोल्हारच्या अलीकडे एका टपरीवर तो चहाला थांबला. त्याने गाठोडं बाहेरच्या निंबाच्या फांदीला टांगलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, बस हं इथं. चहा घेऊन येतो." मला त्याही स्थितीत त्याचा राग आला, एवढं कसलं ते नाटक! तो आत बसला, मी बाहेरच्या बाकड्यावर. चहा झाल्यावर एकमेकांकडे न बघताच दोघं गाडीत बसलो. मला वाटलं त्याने मागच्या क्रेटवर ठेवलंय. त्याला वाटलं माझ्या मांडीवर आहे.

श्रीरामपूर ओलांडल्यावर गाडी एका खड्ड्यात आदळली आणि मागचा क्रेट कलंडला. मी वळून पाहिलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच मी त्याला हाक मारली. "अरे, गाठोडं कुठे ठेवलंस?"

"तू घेतलंस ना?"

त्याने गाडी कडेला घेतली. रागाचं भूत कुठल्या कुठे पळालं. तो मागे वळून लहान मुलासारखा म्हणाला, "ताई, आईला आपण टपरीवर सोडून आलो गं." आणि आम्हाला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं. मग एकदम भीती वाटली. लाल फडक्यातलं गाठोडं झाडाला टांगलेलं, कुणी करणी समजून फेकून दिलं तर? कालवा तिथून हाकेच्या अंतरावर. परतीच्या त्या रस्त्यावर, सुतक विसरून, मी हात जोडले. मला पुन्हा काही देऊ नकोस, पण तिला एकटी ठेवू नकोस, एवढंच म्हणत राहिले.

टपरी बंद होती. निंबाला गाठोडं तसंच होतं आणि खाली एक बाई बसली होती. मांडीवर कोयता, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, हातात निंबाचा डहाळा. आम्हाला पाहून उठली आणि पहिल्यांदा रागावलीच.

"आवो, आसं कुनी सोडून जातं व्हय? त्यो चहावाला म्हनत हुता करनी हाय, कालव्यात टाकतो. म्या म्हनलं, हात लावू नगं, कुनाची तरी आई हाय ती."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

तिने भावाकडे बोट केलं. "ह्ये दादा बोलत हुते की तिच्याशी. नळावर पानी भरताना ऐकलं म्या."

पाथर्डीकडची ती ऊसतोडीची बाई. तिच्या टोळीचा ट्रॅक्टर तिला हाका मारून मारून निघून गेला होता आणि ती उन्हात बसून राहिली होती. का, असं मी विचारलंच. म्हणाली, "माजी आई गेल्ती तवा मी तोडीवर हुते. मातीला बी जाता आलं न्हाई. लई जिवाला लागलं हुतं. आज वाटलं, ही कुनाची का आसंना, हिच्यापाशी तरी बसावं." मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने मला दंडाला धरून उभं केलं. आम्ही तिला तिच्या कोपीपर्यंत, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीपर्यंत, सोडलं. उतरताना ती लाजत म्हणाली, "जमलं तर पान्यात माज्या आईचं बी नाव घ्या. गयाबाई."

संगमावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भावाने अस्थी सोडल्या आणि आईच्या नावामागोमाग गयाबाईंचं नाव घेतलं. तिथल्या गुरुजींनी विचारलं, या कोण? तो म्हणाला, "आमच्याच."

पायरीवर ओल्या पायांनी बसलो होतो. मग मी, पाच दिवस जे विचारायला हवं होतं ते, विचारलं. "त्या दिवशी काय झालं रे?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "काही नाही. कॉफी मागितली. दोन चमचे घेतली. मग माझा हात धरून पडून राहिली. ताई, मी एकटाच होतो. फार घाबरलो होतो मी."

मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, आणि तो घाबरला असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी तिथे नव्हते, एवढंच मी धरून बसले होते. जणू मी नसले की आईजवळ कुणीच नसतं! पण राजूरला तिच्या उशाशी तो होता. आणि आम्ही दोघंही तिला विसरून पुढे निघालो तेव्हा एक अनोळखी बाई कामावर पाणी सोडून तिच्यापाशी बसली होती. कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. मला एवढंच उमगलं की कुठे कुणाला बसवायचं हे माझ्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याने माझ्या आईला एक क्षणही एकटं सोडलं नाही. मी भावाच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "तू होतास, बरं झालं रे." तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला, आणि मी त्याला रडू दिलं.