मोठा तलाव मागून

"पह्यले लहान बोड्या, मंग मोठा तलाव. इमानाचं बी तसंच असन, बाई."

दारात मासे कापता कापता ती माझ्या आईला सांगत होती. आत माझी व्हिडिओ मीटिंग चालू होती आणि माइक बंद करायला मी विसरले होते. पुण्यातले साहेब बोलता बोलता थांबले.

"हे कोण बोललं?"

"मासेवाली," मी म्हटलं. माझे कान तापले.

विषय नेमका तोच होता. लॉकडाऊनमध्ये बंद पडलेल्या लांब पल्ल्याच्या विमानांपैकी कोणती आधी सुरू होतील, याची यादी आमच्या प्रवासी कंपनीसाठी मला करायची होती. साहेब म्हणाले, "बरोबर बोलतात त्या. लिहून घे."

बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. तिच्या गावात पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की आधी बोड्यांत जाळी टाकायची, आणि त्या उरकल्यावर सगळ्यांनी मिळून मोठ्या तलावात उतरायचं, असा रिवाज. "मोठ्या तलावाले माणसं लय लागते, जाळं बी मोठं. चार मासोळ्यांसाठी कोन उतरन?" ती म्हणायची. आधी जवळची विमानं, आणि लांबची भरून जातील तेव्हाच, हेच साहेबांनी तीन स्लाइडमध्ये सांगितलं होतं.

ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरांत ती आठवड्यातून दोनदा यायची. टोपली उतरवली की आधी अंगठ्याने माशाचा कल्ला उघडून दाखवायची. "पाह्य. लाल आहे का नाई?" मासा आदल्या दिवसाचा असला तर आपणहून सांगायची, "हा कालचा होय. तळून खा, रस्सा नोको करू."

"अशानं धंदा कसा होते तुमचा?" आईने एकदा विचारलं.

"होते नं. तुमी काऊन माह्याचकडून घेता मंग?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याशी घासाघीस करायची आपल्यालाच लाज वाटते. आता आमच्याकडे मोटारसायकलवरून थर्माकोलच्या पेटीत मासे येतात. कल्ला कुणी उघडून दाखवत नाही.

तिचा मुलगा ऑकलंडला एका हॉटेलात स्वयंपाकी होता. "घरी कधी चहा नाई मांडला त्यानं. तिकडं गोऱ्यायले खाऊ घालून राह्यला," असं ती तक्रारीच्या सुरात सांगायची, पण सांगायची सगळ्या बिल्डिंगला. मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि भावासाठी दोनदा पुढे गेलं होतं. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, तो मान दुसऱ्या कुणाला द्यायला ती तयार नव्हती. "भाऊ नाई त कान कोन पिळन? मी?" आणि खो खो हसायची. मुलगा फोनवर म्हणायचा, विमानं सुरू झाली की येतो.

माझं काम कळल्यापासून ती प्रत्येक खेपेला खिडकीशी यायची. "पोरी, तुह्या यादीत आमचं इमान कितवं?"

यादीत लंडन सर्वांत वर होतं. मग अमेरिका, मग कॅनडा. जिथे आपले विद्यार्थी आणि नोकरदार जास्त, जिथून विमान जाताना भरेल आणि येतानाही भरेल, ते मार्ग वर. न्यूझीलंड तळाशी होतं. त्या देशाने दारच लावून घेतलं होतं. कुणी निघालाच तर परत आत घेत नव्हते. तिचा मुलगा आला असता तर त्याची नोकरी गेली असती.

"वर सरकतंय," मी सांगायचे.

तिचा चेहरा उजळायचा. कधी जाताना एखादा झिंग्यांचा वाटा वरून टाकायची, आणि मी तो घ्यायचे. मला वाटायचं, एवढ्या दोन शब्दांनी कुणाचं काय बिघडणार आहे? ती ते दोन शब्द दर वेळी नवरदेवाकडच्यांना फोन करून सांगत होती, हे मला माहीत नव्हतं.

एका सकाळी ती आली ती टोपली न घेताच. पायरीवर बसली. आई बाजारात गेली होती.

"त्यायचा निरोप आला," ती म्हणाली. "रविवारपर्यंत तारीख सांगा, नाई त दुसरी पोरगी पाहतो. आता तुमचं इमान लय वेळा सरकलं म्हणते." ती हसली नाही. "पोरगी काल जेवली नाई. तू सांगशीन तसं करते मी. तुह्या कामातलं आहे हे, मले का समजते?"

पदराच्या गाठीतला फोन तिने काढून मांडीवर ठेवला होता. नवरदेवाच्या बापाचा नंबर लावायचा तेवढा बाकी होता.

यादी पाहायच्या निमित्ताने मी लॅपटॉपकडे वळले. पण मी तो उघडलाच नाही. दार ओलांडून बाहेर आले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले. समोरच्या क्वार्टरमधल्या काकू कपडे वाळत घालताना आमच्याकडे बघत होत्या. एरवी मी तेवढ्यानेच आत गेले असते.

"मावशी," मी म्हटलं, आणि आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, "मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमचं विमान कधी वर सरकलंच नाही. तो यंदा येत नाही. त्याच्यावाचून लग्न लावा."