खिळा कोणी ठोकला?

कुसुम मेश्राम गेल्याचा फोन आला तो टेलिफोन एक्स्चेंजमधूनच. जिथं तिनं उभं आयुष्य दुसऱ्यांचे फोन जोडण्यात घालवलं, तिथल्याच एका मुलीनं माझ्या शाळेत फोन लावला. “मॅडम, कुसुमताई गेल्या… सकाळीच… कावीळ होती, डॉक्टरांचं काही चाललं नाही.” मी ऑफिसातल्या खुर्चीत बसून राहिले. रडू आलं ते नंतर, घरी. आणि खरं सांगायचं तर ते रडूसुद्धा धड पुरं झालं नाही, कारण त्याच आठवड्यात आमच्या जुन्या गिर्यारोहण क्लबनं शोकसभा घेतली आणि तिथं आमच्या वेळचेच सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. पांढरा सदरा, हात जोडलेले, आवाज दाटलेला. “कुसुमताई धाडसी होत्या. पण घरगुती सामानावर त्यांचा फार विश्वास. त्यापायी गुडघा गमावला बिचारीनं…” समोरची पोरंपोरी नवी होती, माना हलवत होती. मी तिथून उठून आले. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना मन मोठं करावं, जुनं सगळं विसरावं, अशी वाचकांची अपेक्षा असते हे मला कळतं. माझं मन एवढं मोठं नाही. कुसुमचं तर त्याहून नव्हतं, आणि म्हणूनच ती मला आवडायची.

आमची ओळख एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी झाली, डोंगर चढायला शिकवणाऱ्या एका शिबिरात. नागपुराहून आम्ही दोघीच मुली. मी उमरेडच्या कोष्ट्याची, घरी मागावर वाढलेली; ती छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातली. वडील तिला सांगायचे, कोणासमोर मान खाली घालायची नाही, आणि कुसुमनं ते इतकं मनावर घेतलं होतं की दगडावर चढतानासुद्धा ती खाली पाहायची नाही. मोठ्यानं बोलायची, लगेच भांडायची, आणि भांडण कधीही सोडायची नाही. बसमध्ये कंडक्टर एकदा काहीतरी बोलला, तर महिनाभर ती मुद्दाम त्याच बसनं गेली, त्याच्या समोरच्या सीटवर बसून त्याच्याकडे टक लावून पाहत. “काहून असं करतं वं?” मी विचारलं. “त्याले आठवलं पाहिजे ना,” ती म्हणाली.

परत आल्यावर आम्ही क्लबात जाऊ लागलो. त्या काळी आपल्याकडे दगडावर चढायचं म्हणजे हातोडी घ्यायची, फटीत लोखंडी खिळा ठोकायचा आणि त्याला दोर अडकवायचा, एवढंच सगळ्यांना ठाऊक. कुसुमनं शिबिरात एका परदेशी माणसाकडे वेगळंच काही पाहिलं होतं. तिचा भाऊ खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये होता. त्याच्याकडून तिनं यंत्रांचे टाकून दिलेले मोठाले नट आणवले, कानशीनं आतले आटे घासून गुळगुळीत केले, म्हणजे दोरी कापली जाणार नाही, आणि त्यांतून नायलॉनची जाड दोरी ओवली. दगडाच्या फटीत रुंद जागी नट सरकवायचा आणि निमुळत्या जागी खाली ओढून बसवायचा. जितका भार पडेल तितका तो घट्ट रुततो, आणि परत येताना बोटानं उचलून काढून घेता येतो. दगडाला जखम नाही, हातोडीचा आवाज नाही. दुसरी वस्तू त्याहून साधी होती, बारीक दोरीचे दोन फास. चढायच्या दोराभोवती त्यांचे ठरावीक वेढे घातले की भार पडल्यावर ते जागच्या जागी आवळतात, आणि भार काढला की वर सरकवता येतात. एकात पाय, एक कमरेला. अशा रीतीनं लोंबत्या दोरावरूनही माणूस वर चढू शकतो. खिशात रुमालाएवढी जागा लागते. आज कोणी मला विचारलं की डोंगरात जाताना काय जवळ असावं, तर मी महागड्या बुटांच्या आधी हे दोन फास सांगते.

सेक्रेटरींना मात्र हे भंगार वाटायचं. “कुसुमबाईंनी कबाडीचं दुकान उघडलं वाटतं,” ते सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि फासांना सुतळ्या म्हणायचे.

क्लबबरोबर पचमढीला गेलो तेव्हाची गोष्ट. कुसुम आधी चढून गेली, वरच्या फटीत दोन नट बसवले, त्यांना दोर बांधला आणि खाली उतरली. मग सेक्रेटरी वर गेले, पाठोपाठ मीही जाऊन बाजूच्या कातळावर बसले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी दोन्ही नट उपसले, माझ्या पायाशी फेकले आणि आपला खिळा ठोकून त्याला दोर बांधला. तिथला दगड वाळूचा, भुसभुशीत. मी तोंड उघडते न उघडते तोच खालून चढून येणाऱ्या कुसुमनं दोरावर भार टाकला होता. खिळा दात निघावा तसा निघाला… तिचा ओरडण्याचा आवाज आला नाही, फक्त ती खालच्या कंगोऱ्यावर आपटल्याचा आला. आम्ही खाली पोचलो तेव्हा तिचा उजवा गुडघा नको त्या बाजूला वळलेला होता. सेक्रेटरींनी सगळ्यात आधी दोराच्या टोकाचा खिळा सोडवला आणि खिशात घातला. तेही मी पाहिलं.

नागपूरला आल्यावर त्यांनी पेपरवाल्यांना सांगितलं की घरी बनवलेला नट निसटला. मी क्लबच्या बैठकीत उभी राहून खरं ते सांगितलं. बरोबर आलेले बाकीचे टेबलाकडे पाहत राहिले. आम्हा दोघींची नावं क्लबातून काढली. कुसुम तेव्हा प्लास्टरमध्ये होती. मी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “विमल, मी त्याले सोडणार नाही. तू फक्त पाहात राय.”

गुडघा पुढं कधी वाकला नाही. तरी ताठ पायानं ती पुन्हा दगडावर गेली. एका पायावर आणि त्या फासांच्या आधारानं चढायची स्वतःची पद्धतच तिनं बसवली. आणि वाट पाहिली. वर्षानुवर्षं पाहिली.

काटोल रोडच्या पलीकडं दगडाची एक जुनी खाण आहे. तिथं क्लबनं रविवारी सकाळी प्रात्यक्षिक ठेवलं. मांडव, खुर्च्या, मोठे साहेब लोक, फोटोवाले. आम्ही दोघी मागं उभ्या होतो. खाणीच्या माथ्यावरून दोन दोर सोडले होते, आणि सेक्रेटरी गळ्यात रंगीत स्कार्फ बांधून त्यांतल्या एकावरून घसरत उतरू लागले. निम्म्यावर, जिथं कातळ आत गेला आहे तिथं, तो स्कार्फ उतरायच्या लोखंडी कडीत ओढला गेला आणि ते अडकले. ना वर, ना खाली. हनुवटी कडीला टेकलेली, पाय हवेत. दोराचे दोन फास जवळ असते तर वर वेढा घालून, पाय टाकून, स्वतःच सुटले असते. पण सुतळ्या कोण बाळगणार? क्लबची माणसं खाली नुसती धावपळ करत होती.

कुसुमनं पिशवी उघडली. दुसऱ्या दोराला फास बांधले आणि त्या गर्दीसमोर, एका पायावर, सावकाश वर गेली. फारच सावकाश. त्यांच्या शेजारी पोचली आणि त्यांना सोडवणारा तिसरा फास हातात धरून थांबली.

“साहेब,” ती म्हणाली, “पचमढीले खिळा कोणी ठोकला होता?”

ते काहीतरी पुटपुटले.

“खाली ऐकू नाही गेलं. जोरात बोला.”

“अगं, मी गुदमरतोय…”

“मले दिसून राहिलं ना. बोला.”

खाली क्लबच्या माणसांची धावपळ थांबली होती. मी वर पाहत होते आणि मनात म्हणत होते, कुसुम, घाई करू नको. शेवटी ते ओरडले, “मी! मी ठोकला होता! तुझे नट मीच काढले!” खाणीच्या भिंतीवर आपटून ते शब्द सगळ्यांपर्यंत गेले. तेव्हा कुठं तिनं फास त्यांच्या दोराला बांधला, त्यांचा पाय त्यात टाकला आणि स्कार्फ सोडवला. खाली आल्यावर ते थेट गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात फक्त प्रात्यक्षिक यशस्वी झाल्याचं आलं. मी चिडले. कुसुम खिदळत होती. “छापलं काय अन् नाही काय… तो आता कधीबी गळ्याले हात लावन, तवा मी दिसन त्याले.”

शोकसभेनंतर काही दिवसांनी सेक्रेटरी कुसुमच्या घरी आले. मी तिथंच होते. बरोबर क्लबचे दोघं जण. कुसुमच्या खोलीत नट आणि फास अजून भिंतीला टांगलेले आहेत, तिच्या हाताच्या घामानं दोरी काळपट झालेली. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे पाहत कुसुमच्या आईंना सांगितलं की क्लबात काचेचं कपाट केलं आहे, त्यात कुसुमताईंची आठवण म्हणून हे सामान ठेवू, खाली नाव लिहू. आईंनी आधी तिघांना पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, “तिचा गुडघा बी ठेवता काय साहेब त्या कपाटात?”

सेक्रेटरींचा हात गळ्याशी गेला. तिघंही उठले.

ते गेल्यावर आईंनी रिकामे पेले उचलले, मोरीत नेऊन घासले, आणि तिकडूनच मला म्हणाल्या, “मी पाणी तरी देल्लं वं विमल. कुसुमनं नसतं देल्लं.”