पद्मजाबाईंच्या एकवीस चिठ्ठ्या

पद्मजाबाई आगाश्यांचं माहेर पुण्याचं. सूचना लिहून भिंतीला डकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नवऱ्याच्या बदलीपायी त्या चंदीगडला आल्या, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागल्या आणि भिंतीऐवजी त्यांच्या तावडीत कॉम्प्युटर सापडला. बारा वर्षांत पडद्याच्या कडेने एकवीस चिठ्ठ्या लागल्या. सगळ्या मराठीत! त्यामुळे बाई रजेवर गेल्या की पुस्तकांची देवघेव ठप्प.

याचा बाईंना कोण अभिमान! पण आता नाशिकला लेकीचं, रेवाचं, पहिलं बाळंतपण आलं होतं आणि ग्रंथपाल श्रीनिवास साहेब रजा देईनात. "मॅडम, आपके बिना ये मशीन चलाएगा कौन?"

अखेर ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सेक्टर ३४ मधल्या कंपनीतून शार्दूल आला. मूळचा साताऱ्याचा. हा आता शिकवणार, म्हणून बाई सरसावून बसल्या. पण पठ्ठ्या नुसता बघत राहिला.

"काकू, 'डावे हिरवे दाबणे, उजव्या हिरव्याच्या नादी न लागणे.' हे काय?"

"अरे, हिरवी बटणं दोन. डावं पुस्तक परत घेतं, उजवं बाद करतं. अगदी जुळी भावंडं! ज्ञानकोशाचे तीन खंड बाद केलेत मी. वेंधळीच आहे."

"पण आधी 'नक्की का?' असं विचारतं ना?"

"सारखंच विचारतं! सासूबाई विचारायच्या, गॅस बंद केलास का, तसं. कान न देता 'हो' म्हणून मोकळं व्हायचं."

शार्दूलने चिठ्ठी वहीत उतरवली. "काकू, वेंधळ्या तुम्ही नाही. एकेक चिठ्ठी म्हणजे आमची एकेक चूक आहे."

"अगोबाई! म्हणजे एकवीस झाल्या की रे तुमच्या!"

महिन्याभराने त्याच कॉम्प्युटरवर शार्दूलचं सुधारलेलं सॉफ्टवेअर आलं. परीक्षेला बसले शंकरजी, ज्यांनी आजवर फक्त कपाटांत पुस्तकं लावली होती. अट एकच, बाईंनी बोलायचं नाही. बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

आणि शार्दूलने मुद्दाम दूर कोपऱ्यात ठेवलेलं 'बाद'चं लाल बटण हुडकून शंकरजींनी नेमकं तेच दाबलं! पुस्तक बाद. बाईंच्या मनातली नाशिकची गाडी अंबाल्यालाच रुळावरून घसरली. पण पडद्यावर हिंदीत ओळ उमटली: पुस्तक बाद केलं आहे, चुकून झालं असल्यास मागे घ्या. शंकरजींनी मागे घेतलं. पुस्तक हजर!

"लो जी, आ गई वापस," ते म्हणाले.

साहेबांनी उभ्या उभ्या रजेवर सही केली.

निघताना बाईंनी एकवीसच्या एकवीस चिठ्ठ्या सोलून काढल्या. पण ती मोकळी कड बघून हात शिवशिवायला लागले. शेवटी एक डकवलीच: 'येथे चिठ्ठी लावू नये.'