समुद्र राहिला तो राहिलाच

माझ्या लग्नाच्या अल्बममधलं एक पान मी आताशा उघडतच नाही. अंतरपाट धरलेला आहे, मी मान खाली घालून उभी आहे आणि माझ्या मागे नीलकंठमामा, खांद्यावर उपरणं, चेहरा इतका गंभीर की बघणाऱ्याला वाटावं ह्यांचीच परीक्षा चालू आहे. त्यांच्या शेजारी प्रेमलामामी. नवीन साडी, हातात अक्षता, आणि तोंडभर हसू. त्या दिवशी ती बाई पुरीला समुद्राच्या काठावर असायची होती. मामांनी रेल्वेचा पास काढून ठेवला होता. तेवढ्यात माझी तारीख निघाली आणि पुरीचा पास आमच्या बडनेऱ्याचा झाला.

आमच्यात मामाशिवाय पोरीचं लग्न उभं राहत नाही. मामाच पोरीला मांडवात आणतो, मामाच तिच्या मागे उभा राहतो. बाप नसला तर काका चालतो, पण मामा म्हणजे मामा. आणि आमचे मामा चार बहिणींत एकटे भाऊ. वर्धा, अकोला, अमरावती आणि बडनेरा, चारही घरी पोरीच पोरी. सात भाच्या आम्ही! मामा रायपूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते, गुढियारीत घर. त्यांच्या नोकरीतला फॅमिली पास दरवर्षी आमच्यापैकी कोणाच्या तरी लग्नात, नाही तर साखरपुड्यात, नाही तर बारशात जायचा. लोक सुट्टीत फिरायला जातात, मामा-मामी मांडवात जायचे. त्यांच्या सगळ्या प्रवासाचे फोटो पाहा, प्रत्येक फोटोत मागे मांडवाचं कापड आहे.

मामीला समुद्राचं वेड कुठून लागलं तेही सांगते. ती यवतमाळकडची, धरणापेक्षा मोठं पाणी तिनं पाहिलेलं नाही. लग्नानंतर क्वार्टरमध्ये शेजारी एक उडिया बाई राहायची. ती पुरीहून आली की सांगायची, लाट परत जाते ना, तेव्हा पायाखालची रेती सरकते, आपण उभ्या जागी मागे चाललो असं वाटतं. बस, मामीच्या डोक्यात तेवढंच बसलं. मंदिर नाही, प्रसादाचा खाजा नाही, काही नाही. "मले एकदा ते पायाखाली पाह्यचं आहे इरावती," असं मला कितीदा म्हणाली असेल. आणि मामांचं उत्तर ठरलेलं, "रिटायर होऊ दे मले. मग तुले समुद्रच समुद्र दाखवतो."

बरं, पुरी म्हणजे काही विलायत नाही. रायपूरहून रात्री बसलं की सकाळी समुद्र. पण नाही! ह्या माणसाला वेळ झाला नाही तो नाहीच झाला.

मामा वाईट होते असं म्हणणार नाही मी. दारू नाही, शिवी नाही, पगार आणून मामीच्या हातात. पण चालायचे नेहमी पुढे. गोल बाजारात गेले तरी मामा पुढे, हात मागे बांधून, आणि मामी दोन पिशव्या सांभाळत वीस पावलं मागे. गर्दीत मामा दिसेनासे झाले की ती एखाद्या भांड्यांच्या दुकानाशी थांबायची. मग ते परत यायचे आणि वर तिलाच म्हणायचे, "कुठं राह्यलीस अवं?" चारचौघांत हात धरणं तर सोडाच. आमचे आई-बाप सगळे असेच चालायचे, म्हणून तेव्हा त्यात कोणाला काही वाटलंही नाही.

मी लग्न होऊन रायपूरलाच आले, तेलीबांध्याला. मामा रिटायर झाले, शेवटची भाची उजवली, आणि आता पुरी, असं मी स्वतः म्हणत होते. तर मामीचे गुडघे बसले. एकदमच बसले. खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचं. डॉक्टर म्हणाले गुडघे बदलायला पाहिजेत, पण ह्यांचं हृदय तेवढं धड नाही, मी हात लावणार नाही.

तेव्हा मामांना व्यायामाचं खूळ लागलं. पुण्याहून भार्गवनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, मनगटावरचं घड्याळ पाठवलं होतं, पावलं मोजणारं. मामा सकाळी ऑटोनं मामीला घेऊन तेलीबांध्याच्या तलावावर यायचे. मामी चार पावलं टाकून बाकावर बसायची, मामा तलावाला फेऱ्या मारायचे. मग हास्य क्लब झाला. तिथे ह्यांना हसूच येईना. मग मोबाईलवर पाहून योगासनं झाली, त्यात मान धरली. मग सायकल आली, ती एका म्हशीच्या अंगावर गेली. इथवर ठीक होतं, आम्ही हसत होतो. पण एक दिवस माझी मुलगी स्वरदा, ती मामांना नाना म्हणते, कॉलेजातून आली ती ओरडतच, "मम्मी, नाना जिम में थे! डंबल उठा रहे थे!"

मी कपाळाला हात लावला. मामी तर पेटलीच होती. फोनवर म्हणाली, "म्हातारचळ लागला आहे पाहा तुझ्या मामाले. इथं मले पाणी द्यायले कोणी नाही, अन् हे बनियन घालून दंड फुगवून राह्यले. मोहल्ल्यातल्या बाया तोंडाले पदर लावतात." ती रडत होती. मला इतका राग आला की मी स्कूटर काढली आणि सरळ जिमवर गेले. म्हटलं आज मोठा-लहान काही पाहायचं नाही, चांगलं खडसावायचं.

जिममध्ये ढणाढणा गाणी चालू. कोपऱ्यात मामा, पायात पांढरे बूट, खाली बसलेले. समोर वाळूनं भरलेलं एक लांब पोतं आडवं पडलेलं. त्यांनी एक हात पोत्याच्या एका टोकाखाली घातला, दुसरा दुसऱ्या टोकाखाली, कंबर ताठ केली आणि ते पोतं छातीशी धरून हळूहळू उभे राहिले. मग तसेच चालत भिंतीपर्यंत गेले. परत आले. अगदी हलक्या हातानं पोतं खाली ठेवलं.

तिथला ट्रेनर अभिनव मला म्हणाला, "दीदी, दादाजी को बॉडी-वॉडी नहीं बनाना है. पहले दिन से एक ही बात, आदमी को गोद में उठाके रेत में चलना है, सिखाओ."

मी मामांकडे पाहिलं. ते टॉवेलनं तोंड पुसत होते, चोरी पकडल्यासारखे.

"तिची चाकाची खुर्ची रेतीत जात नाही ना," ते म्हणाले. "मी विचारलं तिथल्या लॉजवाल्याले. रस्त्यापासून पाण्यापर्यंत सगळी रेती आहे. चाक फसते. मंग म्हटलं, आपणच उचलू. जिंदगीभर हमाल पाहिले मी, पोतं कसं उचलतात ते माहीत आहे. पण माणसाले दुखलं नाही पाहिजे ना बाप्पा. पाण्यात नेऊन उभी करीन, मी धरून ठेवीन. तिची रेती सरकली की झालं."

"मामीले सांगितलं काहून नाही तुम्ही?"

"सांगितलं अन् जमलं नाही तर?" मामा म्हणाले. "लय वेळा सांगितलं न मी तिले."

मी खडसावायला गेले होते आणि जिमच्या दारात उभी राहून रडले. आणि मीही मामीला काही सांगितलं नाही. मामांनी शपथच घातली होती. आता वाटतं, मोडायला पाहिजे होती ती शपथ. असल्या गोष्टी अचानक करायच्या नसतात. त्या बाईला आधी कळायला पाहिजे होतं, तिला मनाची तयारी करू द्यायला पाहिजे होती. पण तेव्हा मलाही ते एकदम गोड वाटलं होतं.

डिसेंबरात पुरीला गेलो आम्ही तिघं. मामीला तेवढंच माहीत होतं, पुढचं काही नाही. गाडीत मामी खिडकीशी बसली. अंधारात काही दिसत नव्हतं तरी तिनं काच सोडली नाही. मामांनी तिच्यासाठी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडून मागून घेतली होती, स्वतः वाढून दिली. मामी मला हळूच म्हणाली, "आज हे असे काहून वागून राह्यले गं? डॉक्टर काही बोलला का?" मी हसून टाळलं.

सकाळी समुद्रावर गेलो. खुर्ची रस्त्याच्या कडेपर्यंत आली आणि पुढे रेतीत अडकली. समोर तो समुद्र. मामी बघतच राहिली, डोक्यावरचा पदर उडाला तरी तिला भान नाही. "अगं बाई," एवढंच म्हणाली. मग मामांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खुर्चीसमोर खाली बसले आणि एक हात तिच्या पाठीमागून घातला.

"हे काय?"

"चाल. पाण्यापर्यंत नेतो तुले."

"अहो, काय करून राह्यले! लोक पाहून राह्यले ना!"

"पाहू दे."

आजूबाजूला खरंच लोक होते. एक बंगाली कुटुंब थांबून बघत होतं, एका पोरानं मोबाईल वर केला. मामीनं मामांचा हात झटकला. इतक्या जोरानं की मामा रेतीत मागे बसले.

"नाही म्हणते ना मी!" मामी ओरडली. "जन्मभर कधी माझ्याबरोबर चालले नाही तुम्ही. गोल बाजारात हरवली मी, तरी हात नाही धरला. आता हातपाय गेले तर लोकांसमोर पोत्यासारखी उचलून नेता? तमाशा करता माझा?"

पोत्यासारखी म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत. मी मामांकडे पाहूच शकले नाही.

"मामी, अगं त्यांनी तुझ्यासाठी..." मी सुरू केलं, पण मामांनी हातानं मला गप्प केलं. ते उठले, रेती झटकली.

"राहू द्या," मामी म्हणाली. डोळे समुद्रावर, आवाज आता खाली आलेला. "इथूनच दिसते."

आम्ही तासभर तिथं बसलो. चहा घेतला. लाटा येत होत्या, जात होत्या, लोकांची पोरं पाण्यात किंचाळत होती. मामी त्यांच्या पायांकडे बघत होती.

रायपूरला आल्यावर मामांनी जिम सोडली. घड्याळ काढून कपाटात टाकलं. दिवसभर टीव्हीसमोर बसायचे, विचारलं तर "कायले आता?" म्हणायचे. आणि मग एक दिवस मी मामीला सगळं सांगितलं. जिम, वाळूचं पोतं, अभिनव, सगळं. ती ऐकत राहिली. मेथी निवडत होती, हातातली काडी तशीच राहिली.

"मले काहून नाही सांगितलं गं?" ती म्हणाली. "मले वाटलं, मन भरलं ह्यांचं, आता एकदाचं उरकून राह्यले माझं. एकदा हव म्हटलं असतं तर काय झिजलं असतं माझं? लोक काय, दोन मिनिटं पाहून गेले असते." मग ती खूप रडली. मीही रडले. पण मामांना ती काही बोलली नाही. ते दोघं तसलं काही बोलतच नाहीत, कधी बोललेच नाहीत.

पुन्हा पुरीला जाऊ म्हणून मी मागे लागले. तर डॉक्टर म्हणाले, आता ह्यांना रात्रभराचा प्रवास नको. झालं. संपली पुरी.

परवा संध्याकाळी मी दोघांना तलावावर घेऊन आले. मामा मामीच्या खुर्चीशेजारून चालत होते. हो, शेजारून. आता त्यांचीही चाल मंदावली आहे. एका ठिकाणी पाण्याकडे उतरायला चार पायऱ्या आहेत. तिथं आम्ही थांबलो. मामीनं थोडा वेळ पायऱ्यांकडे पाहिलं. संध्याकाळची गर्दी, अर्धं रायपूर तिथं फिरायला आलेलं. आणि मामीनं दोन्ही हात वर केले, लहान पोर करतं तसे.

"अहो," ती म्हणाली. "उचला मले."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसले. एक हात पाठीमागून, एक गुडघ्यांखालून, अभिनवनं शिकवलं होतं तसं. कंबर ताठ केली. मामीनं त्यांच्या गळ्यात हात टाकला, सगळ्या लोकांसमोर. मामांनी जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, दंड थरथरायला लागले. मामी खुर्चीवरून इंचभर उठली असेल नसेल. पुन्हा जोर लावला. मी पुढे झाले तर मामांनी मानेनंच नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांचे हात सुटले आणि मामी खुर्चीत टेकली. मामा तिथंच तिच्या गुडघ्यांशी बसून राहिले, धापा टाकत, मान खाली.

"जिम काहून सोडली मी," ते म्हणाले. "काहून सोडली?"

मामीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू द्या हो," ती म्हणाली. "इथूनच दिसते."

तिथून पाणी दिसतच नव्हतं. काठावर उभ्या लोकांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.