काकाजींची पेटी आणि माझं आर्क

चहा हातात घ्या, पण मी थांबेपर्यंत घोट घेऊ नका. मागच्या खेपेला हे सांगताना एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला होता!

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. आज इथे चिमणी, उद्या तिथे रस्ता. मी भंडाऱ्याकडचा पोरगा. छातीवर प्लांटचा बिल्ला लागला आणि स्वतःला अर्धा इंजिनियर समजायला लागलो.

जवळच बोरसी गावात आमच्या नात्यातले काकाजी राहायचे. जन्मभर त्यांनी रेल्वेला रुळांखालचे लाकडी स्लीपर पुरवले. त्या धंद्याचे करार, जंगलातल्या मजुरांचे फोटो, नकाशे, पत्रं, सगळं एका जाड लोखंडी पेटीत. पोरांना त्याचं काही नाही. काकीजींची नजर तर पेटीवरून सरळ चुलीकडे जायची! पण नागपूरचे एक प्रोफेसर ते कागद पाहून हरखले.

"गुलाब," काकाजी मला म्हणाले, "प्रोफेसर म्हणे, हे दान द्या. त्या आर्काई का काय, तिथं. चांगली जागा पाहून देतो, तवरिक सांभाळा म्हणे. तुले ठाऊक हाये का गा, आर्काई?"

'नाही ठाऊक' म्हणायला काय जात होतं माझं? पण बिल्ला!

"आर्क ना? आपल्या प्लांटच्या गेटापाशीच हाये! तुमी कायले फिकर करता? मी करतो सारं."

आर्क म्हणजे आर्क वेल्डिंगचं शेड हो! निळ्या ठिणग्या उडतात, लोखंडाला लोखंड जोडतात, ते. तिथे कागद कशाला ठेवतात, हा प्रश्न मलाही पडला, बरं का. पण म्हटलं, शिकलेल्या माणसाने सांगितलंय, तर असेल काहीतरी!

पेटी सायकलला बांधली आणि गाठलं शेड. माझा दोस्त मेश्राम तिथे वेल्डर.

"काय आणलं बे?"

"कागदं हायेत. आर्कमधी ठेवाचे."

"म्हणजे पेटी आर्कनं बंद कराची?"

"हो, एकदम सुरक्षित!"

"मंग खोलाची कवा?"

"खोलाची कायले? नातवा-पणतवापर्यंत राहाले पाह्यजे!"

मेश्रामने डोळ्यांवर काच ओढली आणि झाकणाला चारी बाजूंनी टाके मारले. शेडमध्ये जागा नव्हती, म्हणून पेटी परत बोरसीला आणली. "काकाजी, झालं तुमचं आर्क!" काकीजींनी मला पोटभर खीर वाढली.

आणि एका रविवारी प्रोफेसर आले! काकाजींनी शेजारीपाजारी बोलावले. मला मानाने प्रोफेसरांच्या शेजारी बसवलं.

"नागपुरात छान जागा मिळाली," प्रोफेसर म्हणाले. "वाळवी नाही, ओल नाही. उघडा पाहू पेटी."

काकाजींनी झाकण ओढलं. हलेना. प्रोफेसरांनी ओढलं. हलेना. शेजारच्या पैलवानाने ओढलं, तर पैलवानच मागे पडला.

"हे कोणी केलं?"

"आमच्या गुलाबनं!" काकाजी अभिमानाने म्हणाले. "आर्काईत नेऊन आणली त्यानं!"

प्रोफेसरांनी डोक्याला हात लावला. "अहो, आर्काइव्ह! म्हणजे अभिलेखागार! तिथे कागद जपतात, ते पुढे लोकांना उघडून बघता यावेत म्हणून!"

"गॅसनं कापून आणू का मंग?" मी विचारलं.

"जळून जातील नं रे सारे!" काकाजी पेटीपुढे आडवे आले. "माहा जनम हाये त्या पेटीत."

तेव्हा मात्र माझी हवा गेली. कुठून तरी लोखंड कापायची करवत आणली आणि अंगणात बसलो घासत. घामाच्या धारा! भोवती अख्खं बोरसी. पोरं सल्ले देऊन राहिली होती. काकीजी वरून म्हणतात, "हळू बापा! फोटोत माहे मामंजी हायेत, त्याईचा गळा नको कापजो!"

शेवटी झाकण निघालं. कागदांना धुराचा वास, कडा जराशा तांबूस, बाकी सगळं शाबूत. काकाजी एकेक फोटो हातात घेऊन नुसते बघत बसले. मग हसले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

प्रोफेसरांनाही माझी दया आली असावी. स्वतःच्या हाताने मला चहा दिला आणि आपुलकीने विचारलं,

"बरं गुलाबराव, प्लांटमध्ये तुम्ही काय काम करता?"

मी कपात बघत म्हणालो,

"रेकॉर्ड रूममध्ये आहे, सर. जुन्या फायली मीच सांभाळतो."