लासारो किंताना पळत नाही

सिंगापूरच्या सेरंगून भागात, आमच्या ब्लॉकमध्ये कुणी बेल वाजवली की दोनच शक्यता असतात: पार्सल, नाहीतर तक्रार. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी, आरती ऐन रंगात असताना बेल वाजली, आणि पार्सल तर काही येणार नव्हतं. बाबांनी हातातली झांज पाठीमागे लपवली, एचआरवाल्यांना भेटताना आणतात ते हसू चेहऱ्यावर आणलं आणि दार उघडलं.

दारात साठीचा एक उंच, काळासावळा माणूस. हाफ पँट, सपाता, हातात ड्रम वाजवायच्या दोन काड्या.

"सॉरी, सो सॉरी," बाबांची टेप सुरू झाली. "रिलिजस फंक्शन. ओन्ली फाइव्ह मिनिट्स."

"नॉइज ओके," तो म्हणाला. "नॉइज गुड. बट व्हाय यू रन?"

बाबांनी मागे वळून बघितलं. कुणीच पळत नव्हतं.

"मी वर राहतो, नवव्या मजल्यावर. सगळं ऐकलं. सुरू करता असं." त्यानं दाराच्या चौकटीवर काडीनं संथ ठोके दिले. "आणि संपवता असं!" चौकटीवर अशी पळापळ झाली की समोरच्या टॅन आंटीनं दार किलकिलं केलं. "मागे कोण लागलंय? पोलीस?"

आतून आई आली, गळ्यात ढोलकी. "आरती अशीच असते. शेवटी चढायलाच हवी."

"चढा ना! जोरात चढा. पळू नका."

"तुम्हाला काय कळतं हो आरतीतलं?"

"आरतीतलं काहीच नाही, सेन्योरा. पळण्यातलं पन्नास वर्षांचं कळतं."

आईच्या ढोलकीला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. पुण्यात नाही, इथल्या मंडळात तर नाहीच. तिनं त्याच्या हातावर मोदक ठेवला तो असा, जणू नोटीसच बजावतेय. त्यानं तो खाल्ला, दुसरा मागितला आणि सांगितलं, "रविवारी चार वाजता, कम्युनिटी क्लब. ढोलकी घरी ठेवा, हात घेऊन या."

आई गेली. भांडायलाच गेली होती, पण दर रविवारी जाऊन भांडायला लागली.

त्याचं नाव लासारो किंताना. क्युबात मातान्सास नावाचं बंदराचं शहर आहे, तिथला. घरात ड्रम नव्हता, कपाट होतं. मग कपाटाचा खण काढायचा, आईचे कपडे पलंगावर ओतायचे आणि खण पालथा घालून बडवायचा. "माझी आई दोन गोष्टींवर ओरडायची," तो सांगायचा. "कपडे ओतले म्हणून, आणि ताल सुटला म्हणून. तालासाठी जास्त." पुढे सरकारी संगीतशाळा, एकोणिसाव्या वर्षी नाचाच्या ऑर्केस्ट्रात, मग जॅझ, मग स्वतःचा बँड, मग अकरा वर्षं प्रवासी जहाजांवर. सिंगापूरला नदीकाठच्या एका हॉटेलात तो दोन महिन्यांसाठी उतरला. त्या दोन महिन्यांना आता चौदा वर्षं झाली होती.

त्या हॉटेलात शुक्रवारी आणि शनिवारी त्याचा सात जणांचा बँड वाजायचा. पियानोवर फिलिपिनो माणूस, ट्रम्पेटवर सैन्याच्या बँडमधून रिटायर झालेले लिम अंकल, बाकीचे कुठून कुठून आलेले. लासारो सगळ्यांच्या मागे बसायचा आणि तिथूनच सगळ्यांना हाकायचा. वन-टू-थ्री-फोर असं तोंडानं कधी मोजलं नाही. डावं कोपर उचललं की सुरुवात. काऊबेलवर, म्हणजे गायीच्या गळ्यातल्यासारख्या लोखंडी घंटेवर, काडीचा एक ठोका पडला की पुढचा भाग, दोन पडले की शेवट. आणि सगळ्याच्या खाली पाच टाळ्यांचा एक सांगाडा: तीन, मग दोन, तीन, मग दोन. तो कुणी वाजवो न वाजवो, प्रत्येकाच्या पोटात चालू पाहिजे.

आईच्या पोटात तो चालू व्हायला दीड वर्ष लागलं. ती कोंगावर, म्हणजे हातानं वाजवायच्या उंच क्युबन ढोलावर बसायची, पहिली दोन मिनिटं नीट, आणि मग आतला गणपती जागा व्हायचा.

"अनघा! पुन्हा पळालीस!"

"पळाले नाही, रंगले!"

"रंग बसून, मी आमोर. बसून!" स्पॅनिशमधलं हे 'लाडके' तो सगळ्यांनाच लावायचा.

गेल्या जुलैत हॉटेलात नवा मॅनेजर आला, डेस्मंड. वय तिशीच्या आत, बूट चकाचक, प्रत्येक वाक्य स्पंजावर ठेवल्यासारखं. "अंकल, वी लव्ह यू, ओके? बट सेव्हन पीपल, टू मच लाह." सातांचे तीन करायचे. बाकीच्यांचं काम लॅपटॉप करणार. लासारोनं कानात हेडफोन घालायचा, मशीनची टिकटिक ऐकायची आणि तिच्याबरोबर वाजवायचं. शिवाय झालरीच्या बाह्यांचा शर्ट. "व्हेरी क्यूबन, अंकल. गेस्ट लाइक." एक शुक्रवार करून दाखवायचा, मग कराराची सही. सही नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर इथं राहायचा पास नाही, आणि पास गेला की तीस दिवसांत सिंगापूर सोडायचं.

लासारोनं हे आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं. बाबांच्या टीममधले चार जण त्याच महिन्यात नोकरी गेल्यानं सोफे विकून भारतात परतले होते, त्यामुळे बाबांना त्याच्यापेक्षा जास्त घाम फुटला.

"सही करून टाका," बाबा म्हणाले. "टिकटिक तर टिकटिक. मी रोज अकरा वाजता एका माणसाला 'ग्रेट आयडिया' म्हणतो. काय बिघडतं?"

"तुझं काय बिघडतं ते तुला माहीत, प्रबोध," लासारो म्हणाला आणि आणखी भात घेतला.

आईनं मात्र मोहीमच काढली. त्या शुक्रवारी टेबलं भरलेली दिसली पाहिजेत म्हणून तिनं मंडळातल्या बारा बायका गोळा केल्या. बिशानहून संजीवनीमावशी, सेंगकांगहून दमयंतीकाकू, सगळ्या पैठण्या नेसून नदीकाठी. मॉकटेलचे ग्लास बघून काकू म्हणाल्या, "यात पन्हं घातलं असतं तर?"

लासारो आला. झालरीचा शर्ट घातला नव्हता, पण कानात हेडफोन होता. पहिली दोन गाणी त्यानं वाजवली, म्हणजे हात हलवले. चेहरा असा, जसा बाबांचा अकरा वाजता असतो. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा तो नाहीये."

तिसऱ्या गाण्याला मात्र पियानो रंगात आला आणि आमच्या बायकांना राहवलं नाही. बारा जोडी हातांच्या टाळ्या सुरू झाल्या. आणि मग, कुणी सांगायला नको, दमयंतीकाकूंनी वेग घेतला, मावशींनी त्यांना गाठलं, शेजारचे ऑस्ट्रेलियन पाहुणे मावशींमागे लागले, आणि सगळा हॉल आरतीच्या शेवटच्या कडव्याकडे धावत सुटला. लॅपटॉप आपला जागच्या जागी. हॉल एकीकडे, मशीन दुसरीकडे, मध्ये पियानोवाला दोन होड्यांत पाय ठेवल्यासारखा. लोक हसायला लागले. डेस्मंड खांबाआडून हातवारे करत होता: मशीन धर, मशीन धर!

लासारोनं हेडफोन काढला आणि झांजेच्या स्टँडला टांगला. मग उठला, सावकाश चालत गेला आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं. परत येऊन बसला. डावं कोपर वर. काऊबेलवर एकच ठोका, असा की काकूंचे हात हवेतच थांबले.

आणि त्यानं आईकडे बघितलं.

आई उभी राहिली. पैठणीचा पदर खोचला आणि पाच टाळ्या दिल्या. तीन, मग दोन. तीन, मग दोन. बायका तिच्या हातांकडे बघत बसल्या, मग एकेक करून तिच्या तालात आल्या. लासारोनं अख्ख्या हॉलला कॉलर धरून आणल्यासारखं जागेवर आणलं, आणि मग तिथेच, एक पाऊलही न पळता, चढवत नेलं. अकरा मिनिटं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर त्या म्हणाल्या, एसीनं आलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात डेस्मंड कागद घेऊन आला.

"अंकल, व्हेरी नाइस. रिअली. बट मशीन मस्ट यूज. यू साइन, वी फर्गेट टुडे, कॅन?"

"कॅनॉट," लासारो म्हणाला.

"अंकल, डोन्ट लाइक दॅट लाह."

बाबा मागून कुजबुजले, "सही करा हो, पास जाईल!"

"जाऊ दे." लासारोनं काड्या पिशवीत टाकल्या. "मशीनला माझी खुर्ची द्या. बसता येत असेल तर बसेल."

आणि पास गेलाच. त्या तीस दिवसांत तो एकदाही कुणाला विनवायला गेला नाही. जुन्या ओळखीच्या जहाजावर सहा जणांचा बँड घेऊन निघाला. करारावर त्यानं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहून घेतली होती: टिकटिक चालणार नाही. लिम अंकल सत्तराव्या वर्षी त्याच्याबरोबर गेले. जाताना लासारोनं आईला काऊबेल दिली. "आता रविवार तुझे," एवढंच म्हणाला.

यंदाच्या गणपतीत आईनं देव्हाऱ्याशेजारी काऊबेल टांगली आणि आधीच जाहीर केलं, "जो पळेल त्याला मोदक नाही." आरती जशी सुरू झाली त्याच चालीत संपली. टॅन आंटी दारात उभी राहून ऐकत होती. मी रेकॉर्ड करून जहाजावर पाठवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मागे समुद्राचा आवाज, आणि तोच खर्ज.

"अनघा, गुड. व्हेरी गुड. पण तिसऱ्या मिनिटाला झांज पळतेय. तुझ्या नवऱ्याला सांग, पोलीस गेले."